कार्ल्यातला संगणक: बिघाड कुठला, खर्च किती

संगणक रखडला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला: ‘फॉरमॅट मारून घे.’ पाचशे रुपये जातात, आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं, काउंटरपुढे पाहुणे बॅगा घेऊन उभे असतात आणि बुकिंगची यादी काही उघडत नाही. कार्ले, वेहेरगाव, मळवली, भाजे, वाकसई या पट्ट्यात बंगले आणि होमस्टे चालवणाऱ्यांना, हॉटेलवाल्यांना, सेवा केंद्रात बसून दाखले काढून देणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. एकवीरेच्या चैत्री यात्रेचा आठवडा किंवा पावसाळ्यातला शनिवार असेल तर विचारायलाच नको.

दरांकडे येऊच, पण आधी एक गोष्ट रोखठोक सांगतो. आपल्या भागात संगणकावरचा बराच पैसा चुकीच्या जागी जातो. बिघाड असतो विजेत, ओलीत किंवा म्हाताऱ्या हार्ड डिस्कमध्ये. खर्च होतो फॉरमॅटवर, अँटिव्हायरसवर आणि शेवटी वैतागून आणलेल्या नव्या यंत्रावर. ते नवं यंत्र त्याच सॉकेटला लावलं, त्याच ओल्या भिंतीला टेकवून ठेवलं, की दोन पावसाळ्यांत त्याचीही तीच गत. म्हणून खर्चाचा क्रम असा धरा: आधी वीज, मग डिस्क, बाकीचं नंतर.

पुढे दिलेले आकडे साध्या दुकानांतल्या दरांचा ढोबळ अंदाज आहेत. कंपनीच्या अधिकृत केंद्रात यापेक्षा जास्त पडतात, आणि घासाघीस सगळीकडे चालते.

फोन करण्याआधी

तंत्रज्ञ घरी आला की तीनशे ते पाचशे रुपये नुसते येण्याचे. तेव्हा आधी ठरवा: दोष यंत्राचा आहे, इंटरनेटच्या लाइनचा, की पलीकडच्या सर्व्हरचा?

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, ही सोय मोठी. पण ती साइट अडली आणि बाकीच्या साइट भराभर उघडत असतील, तर तुमच्या संगणकात काहीही बिघडलेलं नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा पुन्हा बघा. अशा वेळी संगणक दुकानात नेणाऱ्याला प्रामाणिक दुकानदार परत पाठवतो. दुसऱ्या प्रकारचा दुकानदार फॉरमॅट मारून देतो.

काहीच उघडत नसेल तर फायबरच्या डब्याकडे बघा. ‘लॉस’ असं लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर केबल तुटली आहे किंवा कुठेतरी दुमडली आहे. रस्त्याचं खोदकाम, पडलेली फांदी, माकडं, यांतलं काहीही असू शकतं. ते काम लाइनवाल्याचं आणि त्याचे पैसे सहसा लागत नाहीत. डब्याचा एकही दिवा पेटत नसेल तर बहुधा अडॅप्टर गेला: दीडशे-अडीचशे रुपये. व्होल्ट आणि अँपिअर जुन्यावर लिहिलेले असतात, तेच बघून घ्या. दिवे हिरवे आहेत आणि तरी अडतंय, तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून संगणक त्याला जोडा. त्यावर चाललं तर यंत्र निर्दोष.

आता एक मजेशीर बिघाड. सकाळी संगणक चालू केला की घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असतं आणि बँकेची साइट ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ म्हणून उघडायलाच नकार देते. माणूस घाबरतो, व्हायरस शिरला म्हणतो. वास्तविक मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल संपलेला असतो. सीआर २०३२ हा त्याचा नंबर, किंमत तीस ते पन्नास रुपये. प्रत्येक साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाच्या मते आज जुनंच वर्ष असेल तर ते प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं. सेल बदला, तारीख लावा, काम झालं. डेस्कटॉपमध्ये हा सेल बोटाने बदलता येतो. लॅपटॉप मात्र उघडावा लागतो, त्याचे दोन-तीनशे अधिक.

आणि पावसाळ्यातला नेहमीचा पाहुणा: बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळा, आतून बीप-बीप. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर ओलीचा थर बसलेला असतो. प्लग काढा, एका बाजूचं झाकण उघडा, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या मागे सारा, पट्टी सरळ वर ओढा. पोरांच्या दप्तरातला पांढरा खोडरबर त्या दातांवर हलक्या हाताने फिरवा, भुगा फुंकू नका, कोरड्या ब्रशने झाडा. फुंकरीबरोबर पुन्हा ओलच जाते. पट्टीची खाच जुळवून दाबा, दोन्हीकडे ‘टक्’ आवाज आला पाहिजे. दुकानात याच कामाला दोनशे ते चारशे घेतात. घेऊ देत, पण ‘रॅम गेली, नवी टाकावी लागेल’ असं कुणी म्हणालं तर खोडरबर फिरवून झाला का, एवढं जरूर विचारा.

विजेचा हिशेब

डेस्कटॉपच्या पत्र्याच्या पेटीला अनवाणी पायांनी हात लावून बघा. चुणचुण लागते? मग अर्थिंग नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे. संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा, म्हणजे एसएमपीएस, थोडासा प्रवाह मुद्दामच अर्थकडे सोडत असतो. अर्थची वायर तुटलेली असेल तर तो पेटीच्या पत्र्यावर राहतो आणि तुमच्या बोटातून वाट काढतो. जिवाला बहुधा धोका नसतो, पण हँग होणं, यूएसबी मधूनच सुटणं, माउस अडणं अशा किरकिरींमागे कित्येकदा हेच असतं. मावळात थोडं खणलं की मुरूम नाहीतर कातळ लागतो, आणि उन्हाळ्यात जमीन वाळली की चांगलं अर्थिंगही ढिलं पडतं. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावायला सांगा. दोन-तीनपेक्षा जास्त व्होल्ट दिसले तर दुरुस्ती हवी. मीठ-कोळशाचं जुन्या पद्धतीचं अर्थिंग तीन ते पाच हजारांत होतं, केमिकल अर्थिंगला पाच ते आठ हजार लागतात. आधीचं असेल तर एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतणं, हा फुकटचा उपाय आहे. संगणकावर खर्च करायचा पहिला रुपया मी इथेच घालेन.

दुसरा रुपया यूपीएसवर. ६०० व्हीएचा यूपीएस अडीच ते साडेतीन हजारांना पडतो आणि एक डेस्कटॉप व मॉनिटर दहा-पंधरा मिनिटं तगवतो. काम सेव्ह करून नीट बंद करायला तेवढं पुरे. त्यावर सिनेमा बघायचा नाही. प्रिंटर, विशेषतः लेझर, त्याला कधीच जोडू नका. आतली १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षं टिकते, बदलायला आठशे ते बाराशे. जुनी दिली की थोडी सूट मिळते, ती मागून घ्या. खूप जणांचा यूपीएस नुसता शोभेला असतो: वीज गेली की संगणकही त्याच क्षणी जातो, आणि ‘यूपीएस असून हार्ड डिस्क गेली’ म्हणून कपाळाला हात. महिन्यातून एकदा, फाइल सेव्ह करून, यूपीएसचा प्लग काढून बघा. पाच मिनिटं टिकला नाही तर बॅटरी संपली.

ज्यांच्याकडे अख्ख्या घराचा इन्व्हर्टर आहे त्यांनी त्याच्या मागे किंवा पुढे असलेला छोटा खटका बघावा. बऱ्याच इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असे दोन मोड असतात. इकोवर असेल तर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला क्षणभर उशीर होतो. पंख्याला कळत नाही, संगणक मात्र बंद पडतो. खटका सरकवायचे पैसे नाहीत.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की स्विच बंद करून भागत नाही, प्लग उपटून ठेवा. इंटरनेटची केबलही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येते आणि गेटापासून ओढलेल्या कॅमेऱ्याच्या लांब तारेतून तर हमखास. वीज पडून जळालेलं यंत्र वॉरंटीत बसत नाही. चारशे-पाचशेचा बरा स्पाइक गार्ड लहानसहान झटके झेलतो, कडाडलेली वीज झेलत नाही. आणि अर्थिंगच नसेल तर स्पाइक गार्ड म्हणजे नुसता महागडा एक्स्टेन्शन बोर्ड.

घरातले काही दिवे अचानक लखलखीत आणि काही मंद झाले, तर न्यूट्रल सुटल्याची शंका घ्या. मेन स्विच ताबडतोब पाडा, महावितरणला १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक, तारीख, वेळ लिहून ठेवा. पुढे भांडायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

ओल

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला सरकलं की तो झपाट्याने कमी होतो, पण धुकं आणि ओल कार्ल्याला सोडत नाहीत. जुलैत कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी येते, तीच हवा संगणकाच्या पेटीतही शिरते. सर्वांत जास्त मरतात ती न वापरलेली यंत्रं: मुंबईकराच्या बंद बंगल्यातला डेस्कटॉप, मुलगी शिकायला पुण्याला गेल्यावर कपाटात ठेवलेला लॅपटॉप. दोन-तीन दिवसांतून तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओल हाकलते. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, जमिनीवर तर कधीच ठेवू नका. बंद केल्या केल्या प्लॅस्टिकचं आवरण घालणं ही आपल्याकडची आवडती काळजी, पण त्याने ओल आतच कोंडते. सुती कापड बरं. लॅपटॉप घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायचा तर दोन-तीनशे रुपयांत पावसाळा निघतो.

लॅपटॉपवर चहा सांडला तर चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा, उघडा करून तंबूसारखा पालथा ठेवा. तांदळाच्या पिंपात घालू नका, पंखा नि फटी तांदळाच्या पिठाने भरतात. आणि ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबणं सगळ्यात महागात पडतं. त्याच दिवशी नेला तर उघडून साफ करायला आठशे ते दीड हजार. चालू करून बघून मग नेला तर मदरबोर्डच्या चिप बदलायचे दोन ते साडेचार हजार, तेही जमलं तर.

पेटीच्या मागच्या जाळीतून मुंग्या जातात, पाल जाते. एसएमपीएसमध्ये पाल अडकून शॉर्ट होण्याचे किस्से इथल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याकडे आहेत. न वापरलेल्या खाचांच्या पट्ट्या बसवून घ्या. मेअखेर एकदा धूळ काढून घेणं तीनशे ते पाचशे, प्रोसेसरवरची पेस्ट बदलायची तर दोनशे वर. नवा एसएमपीएस सातशेपासून मिळतो, पण सातशेवाल्याचा मोह टाळा. दीड-दोन हजारांचा, वजनाला जड, वॉरंटीचं कार्ड असलेला घ्या. स्वस्त एसएमपीएस मरताना एकटा मरत नाही.

हळू चालतो म्हणजे काय?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. उघडलेल्या खिडकीत ‘डिस्क’ या रकान्याखाली सतत नव्वद-शंभर टक्के दिसत असेल तर हार्ड डिस्कच तुमचा वेळ खाते आहे. ‘मेमरी’खाली नव्वद असेल तर रॅम अपुरी. एवढी एक चाचणी करून दुकानात गेलात की निम्मी फसवणूक टळते.

फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकणं हा जुन्या यंत्राचा सर्वांत लाभाचा खर्च आहे. पाच मिनिटांत चालू होणारा संगणक अर्ध्या मिनिटात होतो. पण भावाचं एक विघ्न आलं आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत २५६ जीबीची एसएसडी दीड-दोन हजारांत आणि ८ जीबीची रॅम दोन हजारांच्या आसपास मिळत होती. त्या वर्षाच्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांचा माल उचलायला सुरुवात केली आणि जगभर भाव चढले. रॅमचे तर दुप्पट-तिपटीवर गेले. म्हणून या दोन वस्तूंचा भाव लेखातून घेऊ नका, खरेदीच्या दिवशी दोन ठिकाणी विचारा. बसवणं आणि जुन्यावरचं सगळं नव्यावर उतरवणं, याची मजुरी पाचशे ते हजार. जुनी, वापरलेली रॅम चालली तर चालते, ती झिजत नाही. वापरलेली एसएसडी मात्र फुकट दिली तरी घेऊ नका.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला असेल तर ‘हळू चालतो’ ही तक्रार विसरा. आधी फाइली बाहेर काढा, आजच.

डेटा परत मिळवण्याचे दर ऐकले की नवल वाटतं. चुकून पुसलेल्या फाइली काढायला दोन ते पाच हजार. डिस्क आतून मोडली असेल तर आठ हजारांपासून पंचवीस हजार नि पुढेही, आणि यशाची खात्री कुणी देत नाही. त्याउलट १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क साधारण पाच-सहा हजारांना येते, आणि गुगलवर १५ जीबी फुकट आहे, १०० जीबीला वर्षाचे तेराशेच्या आसपास. टॅलीचा डेटा, पाहुण्यांच्या नोंदी, घराची कागदपत्रं एवढंच ठेवायचं तर १५ जीबी उरून पुरतात. पेन ड्राइव्ह हा बॅकअप नव्हे, तो एका खिशातून दुसऱ्या खिशात न्यायचं साधन आहे. आणि बॅकअपची डिस्क संगणकाच्या शेजारीच, त्याच बोर्डाला लावून ठेवली तर वीज पडते तेव्हा दोन्ही जातात.

विंडोज १० चं काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत मिळते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं. संगणक त्यामुळे बंद पडत नाही, पण बँकेचे व्यवहार आणि पाहुण्यांची ओळखपत्रं ज्या यंत्रावर आहेत ते असं उघडं ठेवणं बरं नाही.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, ४ जीबी रॅम आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या यंत्रावर ‘आम्ही जुगाड करून टाकून देतो’ म्हणणारे भेटतात. टाकून मिळतंही, पुढच्या मोठ्या अपडेटला अडलं की पुन्हा पाचशे. अस्सल विंडोजची प्रत दहा हजारांच्या आसपास असते, त्यामुळे चारशे रुपयांत ‘ओरिजिनल’ मिळालं तर ते काय असेल ते तुम्हीच ओळखा.

नुसतं ब्राउझर, मेल, बुकिंग आणि पत्रं एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट टाकून घ्या. ते फुकट आहे, टाकून द्यायची मजुरी पाचशे, जुन्या यंत्रावर हलकं चालतं, मराठी टायपिंगही नीट होतं. टॅली किंवा डिजिटल सहीचा डोंगल वापरत असाल तर मात्र त्या वाटेला जाऊ नका.

पडद्यावर अचानक भोंगा वाजून ‘तुमचा संगणक लॉक झाला, या नंबरवर फोन करा’ असं आलं, तर तो नंबर चोराचा. फोन करू नका, बटण दाबून धरून संगणक बंद करा. कस्टमर केअरचा नंबरही इंटरनेटवर शोधू नका, बिलावरचा किंवा यंत्राच्या पाठीवरचा घ्या. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

लॅपटॉप आणि प्रिंटर, थोडक्यात

लॅपटॉपचा बाजारी चार्जर सातशे ते बाराशे, कंपनीचा दीड ते तीन हजार. बॅटरी बाजारी दीड ते अडीच हजार, अस्सल तीन ते सहा. कीबोर्ड नऊशे ते दोन हजार, १५ इंची पडदा साडेतीन ते सहा हजार, तुटलेली बिजागरी हजार ते अठराशे. फुगलेली बॅटरी असलेला लॅपटॉप एक दिवसही वापरू नका. टचपॅड वर आलेलं दिसलं की तेच कारण.

प्रिंटरचा पावसाळी त्रास शाईपेक्षा कागदाचा असतो. रिम फोडून उघडी ठेवली की कागद ओल धरतात, दोन-दोन एकदम ओढले जातात, मधेच अडकतात. लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये ठेवा, उरलेले प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. शाईच्या टाकीचा प्रिंटर आठवड्याला एक रंगीत पान काढून जागता ठेवा. हेड सुकलं तर साफ करायला पाचशे ते आठशे. ‘इंक पॅड भरलं’ असा संदेश आला म्हणजे वाया गेलेली शाई शोषणारा आतला बोळा भरला आहे: पाचशे ते हजार. नवा प्रिंटर घ्यायचं ते कारण नव्हे.

कुठे न्यायचं

साध्या कामाला लोणावळा किंवा तळेगाव. घरी बोलवायचं असेल तर मंगळवार-बुधवार गाठा. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे निघालेल्या गर्दीत कुठलाही तंत्रज्ञ अडकायला तयार नसतो, आणि त्याचं बरोबर आहे. मदरबोर्डचं काम किंवा सुट्या भागांची खरेदी असेल तर पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. मळवलीहून लोकलने शिवाजीनगर गाठायला वीस रुपयेही लागत नाहीत, मात्र दुपारी गाड्या तुरळक असतात, तेव्हा सकाळचीच धरा. हजाराच्या वस्तूसाठी हा फेरा परवडत नाही, चार हजारांच्या पुढे परवडतो.

नवा घेताना ‘ऑनसाइट वॉरंटी’ या शब्दांवर जाऊ नका. कार्ल्याचा पिनकोड घालून तिथे माणूस खरोखर येतो का, हे दुकानातच तपासून घ्या. काही वेळा उत्तर येतं, ‘चिंचवडला आणून द्या.’

वार्षिक देखभालीचा करार एका संगणकामागे अडीच ते चार हजार मागतात. एकच यंत्र असेल तर हे पैसे वाचवा. तीन संगणक, प्रिंटर आणि कॅमेरे असलेल्या रिसॉर्टला परवडतो, पण मे महिन्याची एक सफाई आणि किती तासांत माणूस येईल, या दोन्ही गोष्टी करारात लिहून हव्यात.

दुरुस्ती कुठे थांबवायची याचं माझं माप सोपं आहे. कंपन्यांतून निघालेले, आठव्या पिढीचे, सहा महिने वॉरंटीचे वापरलेले डेस्कटॉप बारा ते अठरा हजारांत आणि लॅपटॉप पंधरा ते बावीस हजारांत मिळत आले आहेत. मेमरीच्या भाववाढीने त्यात थोडी भर धरा. दुरुस्तीचा आकडा याच्या एक तृतीयांशाच्या वर गेला की यंत्र सोडून द्या. नवा साधा लॅपटॉप तीस-चाळीस हजारांचा. बुकिंग आणि बिलासाठी मला त्याची गरज दिसत नाही.

बिल घ्या, मग बोला

यंत्र दुकानात ठेवण्यापूर्वी झाकण उघडून आतला फोटो काढा, हार्ड डिस्क आणि रॅमवरचे नंबर दिसतील असा. खासगी फोटो आणि पासवर्ड आधी काढून घ्या, किंवा दुरुस्तीवाल्यासाठी वेगळं खातं उघडून द्या. बदललेला जुना भाग परत मागा. तो तुमचाच आहे. आणि बिल मागा. कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वी खांब देणाऱ्या माणसांची नावं-गावं त्या त्या खांबावर कोरून ठेवली आहेत. धेनुकाकटचा कोण, काय दिलं, सगळं दगडावर. आपल्या दुकानदाराला मात्र अर्ध्या पानावर भागाचं नाव आणि वॉरंटीची मुदत लिहायला जड जातं. ‘बिल घेतलं तर अठरा टक्के जास्त’ असं तो म्हणेल. जीएसटीची नोंदणी नसलेला लहान दुकानदार कर लावू शकत नाही, पण साधं बिल देऊ शकतो आणि त्याने ते दिलंच पाहिजे: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. सदोष माल परत घ्यायची मुदत बिलावर लिहिलेली नसेल तर ती तीस दिवस धरली जाते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला घाबरू नका.

दुकानदार किंवा कंपनी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आपल्याकडच्यांना हा आकडा लक्षात ठेवायला सोपा: लोणावळा-वळवणच्या पाण्यावर खोपोलीला तयार झालेली टाटांची वीज मुंबईला पोचली तेही साल १९१५. हेल्पलाइन कंपनीला तक्रार कळवते, निकाल देत नाही. तेवढ्यानेही पुष्कळदा काम होतं, कारण बऱ्याच मोठ्या कंपन्या तिथे उत्तर देतात. सुटे भाग कुठे मिळतील, वॉरंटीत काय बसतं, यासाठी केंद्र सरकारचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल २४ डिसेंबर २०२२ पासून चालू आहे.

त्यापुढे पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, मग वस्तू ऑनलाइन बंगळूरूहून आलेली का असेना. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरी बसून अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची. बिल, तंत्रज्ञाचा लेखी शेरा, पाठवलेले मेल, तक्रारीचे क्रमांक, सगळं एका फाइलमध्ये लावा. चारशे रुपयांच्या अडॅप्टरसाठी कुणी आयोगात जात नाही, आणि जाऊही नये. पंचवीस हजारांचा लॅपटॉप तीन वेळा त्याच कारणाने परत आला असेल तर जरूर जावं.

जुनं यंत्र भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी डिस्क काढून घ्या. फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्कवरूनही फाइली परत काढता येतात. ती डिस्क धडधाकट असेल तर तीन-पाचशे रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये घाला. बॅकअपची दुसरी प्रत तयार होते, तीही नवी डिस्क न घेता.